पहिल्या केमोआधीचे पंधरा दिवस

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. सोनोग्राफी केली तेव्हा ‘साधी गाठ दिसते, या वयात असतात’ असं सांगितलं, म्हणून थांबले. वाढली तेव्हा पुन्हा दाखवलं. बायॉप्सीत इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, ट्रिपल निगेटिव्ह असं आलं. गाठ २.८ सेंटिमीटरची आहे आणि काखेतल्या एका गाठीतही कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशन. पुढच्या सोमवारी पहिला डोस. ‘पाळी जाऊ शकते’ एवढं ओझरतं बोलून ते पुढे गेले. माझं लग्न ठरलंय. घरात कुणी म्हणतं, कॅन्सर अंगात ठेवून केमो कसली घेतेस, आधी काढून टाक. कुणी म्हणतं, सुई टोचल्यामुळेच पसरला. माझी मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. मला मुलं हवी आहेत, पण त्यासाठी वेळ मागितला तर जिवाशी खेळ होईल का? स्तन काढावाच लागेल का? होणाऱ्या नवऱ्याला काय आणि किती सांगू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

वेळेच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दहा-पंधरा दिवस मागितल्याने जिवाशी खेळ होत नाही. निदानापासून पहिल्या उपचारापर्यंत तीन-चार आठवडे जाणं नेहमीचंच आहे, कारण तपासण्यांनाच तेवढा वेळ लागतो. ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही तपासण्या नकारार्थी आलेला) कॅन्सर वेगाने वाढतो, त्यामुळे महिनोन्महिने थांबायचं नाही, हे खरं. पण पहिला डोस गेला की काही दारं बंद होतात किंवा अर्धवटच उघडी राहतात. त्या दारांसाठी हे पंधरा दिवस वापरायला हवेत, आणि ते मागायला तुम्ही मुळीच संकोचू नका.

चार महिने थांबल्याचा दोष स्वतःला देऊ नका. तरुण वयात स्तनाच्या ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. त्यात ट्रिपल निगेटिव्ह गाठ सोनोग्राफीत पुष्कळदा गोल, गुळगुळीत कडांची, अगदी साध्या, कॅन्सर नसलेल्या फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी दिसते. म्हणून वाढणाऱ्या गाठीचं खरं उत्तर सुईच देते. आणि त्या सुईने कॅन्सर पसरत नाही. सुईने गाठीचा तुकडा काढणाऱ्या कोअर बायॉप्सीशिवाय ईआर (इस्ट्रोजेन), पीआर (प्रोजेस्टेरॉन) आणि हर-टू या तीन तपासण्या होत नाहीत, आणि त्या झाल्या नाहीत तर कोणतं औषध द्यायचं हेच ठरत नाही. काखेतली गाठही सुई टोचल्याने आली नाही. ती आधीपासून होती, सुईने फक्त सापडली.

उद्या सकाळी ऑन्कॉलॉजिस्टना फोन करा आणि थेट सांगा : ‘मला केमोआधी स्त्रीबीज गोठवायची आहेत. याच आठवड्यात वंध्यत्वतज्ज्ञांकडे पाठवाल का? पहिला डोस किती दिवस पुढे नेता येईल?’ मुलं हवीत का, हा विषय डॉक्टरांनी काढण्याची वाट पाहू नका. त्यांच्या डोक्यात ट्यूमर असतो आणि तुमच्या डोक्यात पुढची चाळीस वर्षं. दोन्ही बरोबरच आहे, पण दुसरी बाजू मांडायचं काम बहुतेक वेळा तुमच्यावरच येतं.

केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध अंडाशयातल्या बीजांच्या साठ्यावर थेट घाव घालतं. जितका डोस जास्त आणि वय जास्त, तितकं नुकसान जास्त. ३१ व्या वर्षी पाळी परत येण्याची शक्यता चांगली असते, पण पाळी परत आली म्हणजे साठा पूर्वीइतका राहिला असं नाही. रजोनिवृत्ती अनेक वर्षं लवकर येऊ शकते. केमो चालू असताना आणि नंतर काही महिने बीजं काढत नाहीत, कारण त्या काळात तयार होणाऱ्या बीजांवर औषधाचा परिणाम झालेला असतो. म्हणून ही गोष्ट आधीच करायची.

पूर्वी यासाठी पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे. आता पाळीच्या चक्रात कुठेही असलात तरी सुरुवात करता येते. आधी रक्तात एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) आणि सोनोग्राफीत बीजपुटकांची संख्या पाहतात, म्हणजे किती बीजं मिळू शकतील याचा अंदाज येतो. मग रोज पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन, साधारण १० ते १२ दिवस. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. बीजं तयार झाली की शेवटचं ‘ट्रिगर’ इंजेक्शन, आणि त्यानंतर ३५-३६ तासांनी, गुंगी देऊन, योनीमार्गातून सुईने बीजं काढतात. काढायला वीस-तीस मिनिटं पुरतात आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. सगळं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत केमो सुरू होऊ शकते. योनीमार्गातून तपासणी कधी झाली नसेल किंवा त्याची भीती वाटत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. सोनोग्राफी पोटावरून करता येते, आणि काही जणींमध्ये बीजं काढण्याचं कामही त्या वाटेने होतं.

इथे काय बिघडू शकतं तेही सांगतो. इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर फुगले, पोटात पाणी साठलं, तर केमो लांबते. म्हणून ‘ट्रिगर’साठी एचसीजी या हार्मोनऐवजी जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट प्रकारचं औषध वापराल का, हे नक्की विचारा, त्याने हा धोका बराच कमी होतो. इंजेक्शनांमुळे शरीरातलं इस्ट्रोजेन वाढतं, त्यावर बरेच तज्ज्ञ सोबत ते कमी ठेवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. तुमचा ट्यूमर इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा नाही, त्यामुळे ही काळजी तुमच्या बाबतीत कमी आहे, तरी दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. आणि एक बीज म्हणजे एक बाळ नव्हे. गोठवलेल्यांपैकी काही वितळवताना जातात, काहींचा गर्भ होत नाही, काही गर्भ रुजत नाहीत. बीजं कमी मिळाली तर निराश होऊन केमो पुढे ढकलत राहू नका. एका फेरीवर थांबा.

बीजं गोठवायची की गर्भ? गर्भ तुमचा आणि जोडीदाराचा असतो, पुढे तो वापरायला दोघांची संमती लागते. आमचं स्पष्ट मत असं की लग्न ठरलेलं असलं तरी या घाईत बीजंच गोठवावीत. ती फक्त तुमची राहतात आणि कुणावर दडपण येत नाही.

याशिवाय एक इंजेक्शन आहे, गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी. ते अंडाशयांना केमोच्या काळापुरतं झोपवतं. त्याचा पहिला डोस शक्यतो केमोच्या किमान एक आठवडा आधी देतात, म्हणून हाही प्रश्न याच आठवड्याचा. हार्मोन निगेटिव्ह कॅन्सर असलेल्या स्त्रियांवर झालेल्या ‘पोएम्स’ या अभ्यासात (२०१५) दोन वर्षांनंतर अंडाशय निकामी होण्याचं प्रमाण हे इंजेक्शन घेणाऱ्यांत ८ टक्के आणि न घेणाऱ्यांत २२ टक्के होतं. चांगला फरक आहे, पण बीजं गोठवण्याऐवजी म्हणून ते घेऊ नये. बीजं काढून झाल्यावर जोडीला घ्यावं. घेतल्यावर गरम वाफा येतात, झोप उडते, योनीमार्ग कोरडा पडतो. औषध थांबलं की बहुतेकींचं हे कमी होतं.

केमोत पाळी बंद असली तरी गर्भ राहू शकतो. पहिल्या डोसाआधी गर्भचाचणी करून घ्या, आणि पुढे निरोध किंवा तांबी वापरा. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत.

दुसरं दार क्लिपचं. केमोने गाठ इतकी विरघळू शकते की ऑपरेशनच्या वेळी ती कुठे होती हे सर्जनला दिसतही नाही. म्हणून पहिल्या डोसाआधी, किंवा फार तर पहिल्या एक-दोन डोसांत, गाठीच्या मधोमध तांदळाच्या दाण्याहूनही लहान धातूची क्लिप सोनोग्राफीखाली बसवतात. काखेतल्या ज्या गाठीत पेशी सापडल्या तिच्यातही तशीच बसवायला सांगा. ती क्लिप असेल तर नंतर नेमकी तीच गाठ शोधून तपासता येते, आणि केमोने काख साफ झाली असेल तर काखेतल्या सगळ्या गाठी काढणं टळू शकतं. सगळ्या काढल्या की हात कायमचा सुजण्याचा धोका बराच वाढतो. एवढ्याशा क्लिपवर पुढच्या अनेक वर्षांचा हात अवलंबून असतो, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते.

तिसरी गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात : मावशीचा अंडाशयाचा कॅन्सर. तुमचं वय आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, या दोन गोष्टीच जनुकीय तपासणीला पुरेशा आहेत. मावशीमुळे ती अटळ झाली. दोष असल्यास कॅन्सरचा धोका वाढवणारी बीआरसीए-१, बीआरसीए-२, पीएएलबी-२, टीपी-५३ ही जनुकं तरी त्यात हवीत. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना घेतात, उत्तर यायला काही आठवडे लागतात. उत्तरासाठी केमो थांबवायची नाही, पण नमुना आत्ताच द्या, म्हणजे ऑपरेशनचं ठरवायच्या आत उत्तर हातात असेल. बीआरसीएत दोष निघाला तर स्तनाचं ऑपरेशन, पुढे ओलापरिब हे औषध, अंडाशय कधी काढायचे (बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० या वयात), आणि गोठवलेल्या बीजांपासून गर्भ करताना तो दोष पुढे गेलाय का ते तपासणं, इतके निर्णय त्यावर ठरतात. टीपी-५३ मध्ये दोष असेल तर रेडिएशन शक्यतो टाळतात. अहवालात ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असं आलं तर त्यावर कोणतंही ऑपरेशन ठरवू नका. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. तुमच्या आईने आणि भावंडांनी तपासणी करायची की नाही हे तुमचा अहवाल आल्यावर पाहावं.

बाकीची तयारी पटकन होते : हृदयाची टूडी एको, हिपॅटायटिस बी-सीची रक्ततपासणी, थायरॉइड, दातांची तपासणी (किडलेला दात केमोत पू धरतो). दंडात किंवा छातीत पोर्ट (त्वचेखाली बसवलेलं, औषध थेट मोठ्या शिरेत सोडणारं छोटं उपकरण) बसवून घ्या, तोही ज्या बाजूला गाठ नाही त्या बाजूला. हाताच्या शिरेतून चार-सहा महिने ही औषधं गेली तर शिरा कडक होतात, आणि डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली त्वचा जळते.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे. आधी केमो देण्यात कॅन्सर अंगात ‘ठेवणं’ नाही. ऑपरेशन स्तनातली आणि काखेतली गाठ काढतं. रक्तातून कुठे निसटलेल्या पेशी असतील तर त्यांना केमोच गाठते, आणि जिवाला खरा धोका त्या पेशींचा असतो. शिवाय गाठ जागेवर असली की औषध लागू पडतंय का हे डोळ्यांना दिसतं. तुमच्या टप्प्याला आज सर्वसाधारणपणे असा क्रम असतो : पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनचे बारा आठवडे, मग डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस, आणि शक्य असेल तिथे सोबत दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी. ज्या अभ्यासावरून ही इम्युनोथेरपी आली त्यात दहापैकी सुमारे सहा जणींच्या स्तनात आणि काखेत ऑपरेशनच्या वेळी जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. असं झालं तर पुढचं भवितव्य खूप सुधारतं. काही उरला तर तेही आत्ताच कळतं आणि कॅपेसिटाबिनसारखं औषध जोडता येतं. आधी ऑपरेशन केलं तर ही माहिती कायमची हुकते.

केमोच्या महिन्यांत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे डिजिटल थर्मामीटर. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळ गाठतात. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, रुग्णालयात जायचं. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने आकडा उतरतो, जंतू तसेच राहतात आणि काही तासांत प्रकृती ढासळते. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. दारातच सांगा : ‘माझी केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप आहे.’ रात्री फोन करायचा नंबर पहिल्या डोसाच्या दिवशीच मागून घ्या आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

उलटीची गोळी उलटी होण्याआधी घ्यायची, लिहून दिलेल्या वेळेला, बरं वाटत असलं तरी. ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने शौचाला घट्ट होतं, म्हणून त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून विचारा. पॅक्लिटॅक्सेल चालू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल झाला, छाती आवळली किंवा पाठ दुखू लागली तर लगेच नर्सना हाक मारा. थांबवून, औषध देऊन, बहुतेक वेळा पुन्हा सुरू करता येतं. बोटांना मुंग्या येतात तेव्हा सोसत राहू नका. शर्टाची बटणं लावायला जमेना, चप्पल पायातून निसटली तरी कळेना, अशी वेळ येण्याआधी सांगा, कारण डोस कमी करता येतो, पण मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. डॉक्सोरुबिसिन लाल असतं आणि दिवसभर लघवीही लालसर होते; ते रक्त नव्हे. पेम्ब्रोलिझुमॅबचं वागणं वेगळं. ते स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला मोकळं सोडतं, त्यामुळे थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, आतडी, फुप्फुसं यांवर हल्ला होऊ शकतो, कधी औषध संपल्यावर काही महिन्यांनीही. सतत जुलाब, नवा दम, कमालीचा थकवा आणि चक्कर यांना ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका.

केस पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात, पापण्या-भुवयाही विरळ होतात. डोकं थंड ठेवणारी टोपी मिळत असेल तर विचारा. पॅक्लिटॅक्सेलवर तिचा उपयोग बरा होतो, डॉक्सोरुबिसिनवर कमी. या काळात जास्त मात्रेची जीवनसत्त्वं, अँटिऑक्सिडंट किंवा कुणी प्रेमाने आणून दिलेली पावडर ऑन्कॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

स्तन काढावाच लागेल का? जनुकीय दोष नसेल आणि गाठ चांगली आटली, तर बहुधा नाही. फक्त गाठ काढून रेडिएशन देणं आणि अख्खा स्तन काढणं यांत जगण्याच्या बाबतीत फरक नाही, हे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी या सर्जनांच्या अभ्यासांनी २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये दाखवलं. ‘तरुण आहेस, सगळंच काढून टाक’ हा सल्ला काळजीपोटी येतो, पण त्यात तथ्य नाही. बीआरसीए दोष निघाला तर दोन्ही स्तन काढण्याचा विचार रास्त ठरतो, कारण पुढे नवा कॅन्सर होण्याचा धोका त्याने खूप घटतो. आत्ताच्या कॅन्सरचं परतणं मात्र त्याने थांबत नाही. म्हणून तो निर्णय याच ऑपरेशनबरोबर घेतला पाहिजे असं नाही, वर्षा-दोन वर्षांनी शांतपणे घेता येतो. स्तन काढून नवा घडवायचा असेल तर प्लास्टिक सर्जनना आधी भेटा, आणि रेडिएशन लागणार आहे हे सांगा. इम्प्लांटवर रेडिएशन पडलं की भोवतालचं आवरण आवळून तो कडक होण्याची शक्यता वाढते.

होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगा, आणि बीजं गोठवण्याच्या भेटीआधी सांगा. निदान काय, उपचार साधारण वर्षभराचा, मूल होण्याची शक्यता आहे पण खात्री नाही, आणि मूल हवं असेल तर उपचारानंतर सहसा दोनेक वर्षं थांबायला सांगतात, कारण या प्रकाराचा परतण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर बराच उतरतो. नंतरच्या गरोदरपणाने कॅन्सर परत येतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. हे त्यांच्या घरच्यांनाही कळू द्या. उत्तर लगेच मागू नका. त्यांना तुमच्याबरोबर एका भेटीला डॉक्टरांकडे या म्हणा. तिथे ते काय विचारतात, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

नातेवाइकांना बातमी द्यायचं काम एका माणसाकडे सोपवा, आई किंवा भाऊ-बहीण, कुणीही. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला लगेच नेमकं काम द्या : डोसाच्या दिवशी सोबत येणं, फाइल सांभाळणं, डॉक्टरांचं बोलणं लिहून घेणं. रात्री झोप उडाली, जीव घाबरा झाला तर मानसोपचाराची मदत मागा. ती याच उपचाराचा भाग आहे.

आणि बायॉप्सीचा मूळ अहवाल, स्लाइड आणि ब्लॉक रुग्णालयातून मागून घ्या. दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर तेही याच पंधरा दिवसांत घेता येतं.